वरचे पैसे

"गोऱ्ह्यांची जोडी मिळून राह्यली, मोठेबाबा. चार दाती हाय. आपली जोडी देऊन वर सत्तर हजार मांगते तो. पासष्टवर येईन."

२०२२ च्या उन्हाळ्यात पुतण्याचा हा फोन आला तेव्हा मी यवतमाळला, कूलरसमोर बसून पेपर वाचत होतो. मला आधी वाटलं, शेतीसाठी जोडी बदलतो आहे. उन्हाळ्यात बैल बदलायची आमच्याकडे रीतच आहे. पेरणीच्या आधी ज्याला जसं परवडेल तसं तो करतो. म्हातारा बैल देतो, वर पैसे टाकतो, जवान घेऊन येतो. मी विचारलं, "वखराला चालतात का?"

तो हसला. म्हणाला, "वखराले कशाले? पटाचे हायेत."

पट म्हणजे शंकरपट. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला बैलगाडा शर्यत म्हणतात, त्याची आमच्या वऱ्हाडातली तऱ्हा. हलका छकडा, त्यावर एकच धुरकरी, आणि सेकंदांचा हिशेब. पिकं निघाली, वावरं मोकळी झाली की गावोगाव पट भरायचे. आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट तर विदर्भभर नावाजलेला. तिथं बायकांनीही जोड्या हाकल्या आहेत. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि हे सगळं थांबलं. मग २०१७ मध्ये महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती केली, तीही उच्च न्यायालयात अडकली. शेवटी १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं अटी घालून परवानगी दिली. सात वर्षं बंद पडलेला खेळ पुन्हा सुरू झाला, आणि त्या सात वर्षांत मिसरूड फुटलेली पोरं पटाच्या जोड्या शोधत फिरू लागली. माझा पुतण्या त्यातला एक.

फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गावाला गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. पण ती जोडी माझ्या धाकट्या भावानं, या पोराच्या बापानं, २०१४ मध्ये आणली होती. भाऊ आता नाही. ढवळ्या आणि चांद्या, ही त्यानं मागं ठेवलेली शेवटची कमाई.

आमचं गाव मारेगाव आणि वणीच्या मधल्या पट्ट्यात आहे. काळी जमीन, पऱ्हाटी, तूर, आता सोयाबीन. गावात चार ट्रॅक्टर आहेत. नांगरटी ट्रॅक्टरनं होते, पेरणीही बरीचशी ट्रॅक्टरनंच होते. बैलाचं काम उरलं ते डवरणीचं. पऱ्हाटी गुडघ्याएवढी झाली की दोन तासांच्या मधून डवरा ओढत न्यायचा, तण कापायचं, माती मोकळी करायची. तिथं ट्रॅक्टर घालता येत नाही. बैलानं हळू चालावं लागतं, तास सोडायचा नाही, झाड तुडवायचं नाही. तोंडाला मुसकं, पायाखाली चिखल आणि वर आभाळ भरलेलं. ज्यानं हे काम पाहिलं आहे त्यालाच कळेल की बैलाच्या संथ चालीत किती शिक्षण भरलेलं असतं.

मी पोचलो तेव्हा पुतण्या कोठ्यात कुटार टाकत होता. ढवळ्याच्या खांद्यावर जुवाचा घट्टा पडलेला, चांद्याच्या डोळ्याखाली पाण्याची ओल. दोघं अकरा-बारा वर्षांचे. कामाचे अजून दोन पावसाळे फार तर.

त्यानं मला हिशेब सांगितला, आणि हिशेब चूक नव्हता. वर्षातून पंचवीस-तीस दिवसांच्या डवरणीसाठी दोन बैल बारा महिने पोसायचे. महिन्याला एक पोतं ढेप, शिवाय कुटार, कडबा. डवरणीपुरती जोडी भाड्यानं मिळते. मग पोसायचीच असेल जोडी, तर मनाला आनंद देणारी का नको? पटाची जोडी चांगली पळाली तर तिची किंमत दोन वर्षांत तिप्पट होते. नंबर आला तर बक्षीस वेगळं.

मी म्हटलं, "आणि नाही आला तर?"

तो कुटार टाकता टाकता थांबला. "मोठेबाबा, वावरात तर आपण दरसालच हरतो. पटात निदान जिंकाची आस असते."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आमच्या जिल्ह्याचं नाव देशभर कशासाठी घेतलं जातं ते मी सांगायला नको. ज्या मातीत कर्ता माणूस कधी आणि कोणत्या रात्री हरेल याचा भरवसा नाही, तिथं पंचविशीतलं पोरगं जिंकायची आस धरतं. त्याला शौक म्हणून हिणवणं मला जमलं नाही. कामाचं तेवढं पवित्र आणि खेळाचं ते वाया, असं आपण मास्तर लोक सहज म्हणून जातो. पण माणूस नुसत्या कामावर जगत नाही. पोळ्याला आपण बैलाला रंगवतो, झूल घालतो, तोरणाखाली उभा करतो, त्याचा पिकाला काय उपयोग? तरी पोळा नसता तर वर्ष काढणं अवघड झालं असतं.

शिवाय उपयोगाचा बैल आणि शौकाचा बैल अशा दोन जाती मुळात नव्हत्याच. वर्धा-नागपूरकडचा गवळाऊ बैल घ्या. पांढरा, लांबट तोंडाचा, चालीला तेज. मराठ्यांच्या फौजेचं सामान डोंगराळ वाटेनं भराभर नेण्यासाठी ही जात जोपासली असं सांगतात. तोच बैल वावरातही चालायचा. माझ्या लहानपणी जी जोडी चैतात वखरायची तीच लग्नाच्या वरातीत दमणीला जुंपली की वाऱ्याशी बोलायची. पटातही तीच. वावर आणि पट वेगळे झाले ते नंतर, घरात ट्रॅक्टर आला आणि पटाची बक्षिसं वाढली तेव्हा. मग वावरातल्या बैलाला कोणी पळवेना आणि पटातल्या बैलाला कोणी वखराला जुंपेना.

म्हणून मी पुतण्याला शौक करू नको म्हणालो नाही. मी एवढंच विचारलं, "तो व्यापारी आपल्या जोडीचं काय करणार आहे?"

"विकन कोणाले तरी."

"बारा वर्षांच्या बैलाला कोण घेते आता?"

तो म्हणाला, "ते त्यानं पाहावं ना."

हे वाक्य वाईट मनानं आलेलं नव्हतं. बाजाराचा नियमच तो आहे. वणीला रंगनाथस्वामींच्या यात्रेत बैलबाजार भरायचा, तिथं मी लहानपणी बापाचं बोट धरून फिरलो आहे. विकणारा आणि घेणारा रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबून भाव ठरायचा, बाजूच्याला पत्ता लागायचा नाही. कासरा एका हातातून दुसऱ्या हातात गेला की संपलं. ज्याच्या हातात कासरा त्याचा बैल, त्याचं नशीबही त्याचंच. विकणाऱ्यानं मागं वळून पाहू नये, असं जुने लोक म्हणायचे. मला तेव्हा वाटायचं, बैल मागं येईल म्हणून. आता वाटतं, कारण वेगळं असावं.

ओट्यावर बाबा बसले होते. ब्याऐंशी वर्षांचे. कान कमी झालेले, पण आमचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी नातवाला हाक मारून जवळ बसवलं. मला वाटलं, आता रागावतील. पण ते सांगू लागले ती गोष्ट मला अर्धी माहीत होती.

माहीत असलेली अर्धी अशी. १९७७ साली, मी बारा वर्षांचा असताना, बाबांनी आमची तांबड्या-भुऱ्याची जोडी वणीच्या बाजारात दिली आणि वर पैसे टाकून पटाची जोडी आणली. आजी दोन दिवस जेवली नव्हती. पण त्या उन्हाळ्यात शेजारच्या गावच्या पटात आमच्या जोडीचा दुसरा नंबर आला. लोकांनी बाबांना खांद्यावर घेतलं. गुलालानं माखलेला त्यांचा तो चेहरा मी अजून विसरलो नाही. त्या आधी आणि त्या नंतर मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नाही. कर्ज, बहिणींची लग्नं, बोंडअळी, या सगळ्यांतून गेलेल्या माणसाच्या आयुष्यातला तो एक दिवस. तो खोटा होता असं मी कधीच म्हणणार नाही.

मग पावसाळा आला. पटाची जोडी डवऱ्याला जुंपली. पळायला शिकवलेला बैल तो. मागं कासरा हलला की उधळायचा. तास सोडून पऱ्हाटीत घुसायचा, चार-चार झाडं एकदम मोडायचा. बाबांनी आठ दिवस प्रयत्न केला, शेवटी दुसऱ्याची जोडी उसनी आणून डवरणी केली. तण वाढलं, पीक बसलं. पुढच्या वर्षी पटाची जोडी आली त्याच्या निम्म्या भावानं गेली. घरात यावर पुढं कधी बोलणं झालं नाही.

मला वाटलं, बाबा नातवाला हाच तोटा सांगतील. पण त्यांनी तोटा दोन वाक्यांत संपवला. "नुकसान झालं ते झालं. ते फेडलं म्या. त्याचं काही नाही." आणि मग पंचेचाळीस वर्षांत कोणाला न सांगितलेली उरलेली अर्धी गोष्ट सांगितली.

१९७८ च्या दिवाळीआधी ते घर पांढरं करायला चुना आणायला राजूरकडं गेले होते. तिकडं चुनखडी आहे, भट्ट्या आहेत. भट्टीवर दगडाच्या बंड्या येत होत्या. एका बंडीला तांबड्या जुंपलेला.

"हाडं निंगाले होते त्याचे," बाबा म्हणाले. "खांदा सोलला होता, माशा बसत होत्या. मी ओळखला. माह्या तोंडातून आवाज निंगाला. वावरात देत होतो तसा. मुद्दाम नाही दिला रे, निंगाला. त्यानं कान टवकारले आन थांबला. जागच्या जागी थांबला. बंडीवाल्यानं तुतारी टोचली, तरी नाही हालला. मंग त्यानं लय मारलं. मी काय केलं, मी चुन्याच्या ढिगाऱ्यामागं गेलो. तो जायेपर्यंत तिथंच बसलो."

थोडा वेळ कोणी बोललं नाही.

"त्याले मार माह्या आवाजानं बसला," ते म्हणाले. "त्यानं मले ओळखलं. म्या नाही ओळख देल्ली."

नातवानं विचारलं, "विकत घ्याचा ना मंग वापस."

"पैसे नव्हते. आन असते तरी घेतला असता का, ते मले सांगता येत नाही. लाज वाटली. बैलाची नाही, लोकाची. म्हातारा बैल इकला आन पुन्हा घेऊन आला, हसले असते."

मी पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. त्या क्षणी मला आठवला तो रोमचा केटो. दोन हजार वर्षांहून आधीचा हा माणूस. मोठा सेनापती, मोठा काटकसरी, आणि शेतीवर पुस्तक लिहिणारा. त्या पुस्तकात त्यानं मालकाला सल्ला दिला आहे, की शेतावर जे जे निरुपयोगी झालं ते विकून टाकावं. मोडकी गाडी, गंजलेली अवजारं, थकलेले बैल, आणि त्याच यादीत म्हातारा गुलाम. पुढं अडीचशे वर्षांनी प्लुटार्क या ग्रीक लेखकानं केटोचं चरित्र लिहिलं. केटोच्या मोठेपणाबद्दल त्याला आदर आहे, पण या सल्ल्याशी तो अडतो. त्याचं म्हणणं असं, की आपण तर आपल्यासाठी राबलेला बैलही म्हातारपणामुळं विकणार नाही, माणूस तर दूरच. जिवंत प्राण्याला चपलेसारखं किंवा भांड्यासारखं झिजेपर्यंत वापरून फेकायचं नसतं. न्याय माणसामाणसांत असतो, पण दया त्याच्याही पलीकडं वाहते, असा त्याचा रोख आहे. अथेन्समध्ये पार्थेनॉन बांधताना राबलेल्या खेचरांना नंतर मोकळं चरायला सोडलं होतं, हेही त्यानंच नोंदवलं आहे.

वर्गात मी हे शिकवायचो तेव्हा मला वाटायचं, केटो निर्दय आणि प्लुटार्क भला. त्या दिवशी ओट्यावर बसून वाटलं, इतकं सरळ नाही. माझा बाप केटो नव्हता. त्यानं पोळ्याच्या आदल्या दिवशी तांबड्याचा खांदा पळसाच्या पानानं हळद-तूप लावून शेकला होता. आणि सहा महिन्यांनी तोच खांदा विकला होता. बहुतेक आपण असेच असतो. प्रेम खरं असतं आणि सौदाही खरा असतो. दोन्ही एकाच हातानं होतात.

पुतण्यानं एक गोष्ट बरोबर पकडली. तो म्हणाला, "कोर्टात भांडण चाललं ते पळवण्यावर. बैल पळासाठी बनला नाही, त्याले तरास होते, म्हणून बंदी. मंग वखराले जुंपला तर तरास होत नाही? दिवसभर चिखलात ओढते तो. पटात तर अर्धा मिनिटही नाही."

मला यातला सच्चेपणा मान्य आहे. न्यायालयानं २०१४ ला प्राण्याच्या जगण्यालाही मान आहे हे सांगितलं, ते मोलाचंच होतं. शेपूट पिरगाळणं, खिळे टोचणं, दारू पाजणं, हे सगळं पटांच्या नावाखाली चालायचं, ते झाकून चालणार नाही. आता परवानगी मिळाली ती या गोष्टींना मनाई करूनच, जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी घेऊन. पण जो वखराला जुंपतो तो संत आणि जो छकड्याला जुंपतो तो पापी, असं नाही. दोघंही बैलाकडून घेतात. एकजण पीक घेतो, दुसरा गुलाल घेतो. बैलाला विचारून दोघंही घेत नाहीत.

मग फरक कुठं पडतो? माझ्या समजुतीप्रमाणं तो बैल धावतो की ओढतो इथं पडत नाही. धावणं आणि ओढणं संपल्यावर पडतो. अदलाबदलीचा सौदा माणसाला का आवडतो? त्यात फक्त नवा बैल मिळतो म्हणून नाही. जुन्याचं म्हातारपण डोळ्यांसमोरून जातं म्हणून. कासरा देताना आपण बैल देत नाही, देणं देतो. दहा वर्षं आपण ज्याच्याकडून घेतलं त्याची परतफेड करायची वेळ आली, नेमकी तेव्हा ती दुसऱ्याच्या नावावर करतो. आणि दुसऱ्यानं काहीच घेतलेलं नसतं, तर तो परतफेड का करेल? त्याच्या दृष्टीनं ते फक्त हाडं आणि कातडं. भट्टीवरच्या बंडीवाल्याला मी दोष देत नाही. त्याचं तांबड्याशी काही नातं नव्हतं. नातं आमचं होतं.

२०१५ च्या मार्चपासून महाराष्ट्रात बैलाच्याही कत्तलीला बंदी आली. तिच्या बाजूनं आणि विरोधात खूप बोललं गेलं, त्यात मी पडत नाही. पण एक बदल मी डोळ्यांनी पाहिला. म्हाताऱ्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक उरलं नाही. मग रात्रीतून कोणाच्या तरी धुऱ्यावर, जंगलाच्या कडेला सोडलेली जनावरं दिसू लागली. कायद्यानं मरण थांबवता येतं, पण म्हातारपण पोसणारा हात कायदा कुठून आणणार? तो कुणा एकाच्या घरातूनच यावा लागतो.

मी हे सगळं पुतण्याला बोलून दाखवलं. जरा जास्तच बोललो असेन. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मोठेबाबा, तुम्ही पेन्शनवाले. तुमचा धर्म आमच्या कुटारावर चालते."

मी गप्प झालो. बाबांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, म्हणजे त्यांनाही ते पटलं होतं.

कारण खरंच होतं ते. मी १९८८ पासून शहरात. बैलाचं शेण मी शेवटचं कधी काढलं ते मला आठवत नाही. पोळ्याला गावी जाऊन दोन पुरणपोळ्या खायच्या आणि बैल विकू नये यावर प्रवचन द्यायचं, हे सोपं आहे. ज्या घरी सावकाराचा माणूस दारात उभा आहे, ज्या घरी पोरीची फी भरायची आहे, तिथं बैलाचं म्हातारपण ही चैन ठरते. त्या घरानं बैल विकला तर मी त्याला बोल लावणार नाही. लावायचा अधिकारही मला नाही. पण आमचं घर आज तसं नव्हतं. आमच्या घरात एक पेन्शन होती, फक्त ती कोठ्यापर्यंत पोचत नव्हती.

रात्री मी पुतण्याला म्हटलं, "जोडी राहू दे. ढेपेचे पैसे दर महिन्याला मी पाठवतो. दोघं जगतील तोवर."

"आन पटाचं?"

"ते तू तुझ्या पैशानं पाहा. पण बदलीत नाही. नगद घे."

तो बराच वेळ काही बोलला नाही. नगद घ्यायचं म्हणजे व्यापाऱ्यानं धरलेली जुन्या जोडीची किंमत आता त्यालाच भरायची, आणि त्याच्याजवळ ती नव्हती. मी जे बोललो त्यात त्याच्या हातातली जोडी जाणार होती, हे मला कळत होतं. माझ्या ढेपेच्या पैशांनी त्याची भरपाई होत नाही. तेव्हाही होत नव्हती, आजही होत नाही.

गेली ती जोडी. दुसऱ्या कोणी तरी नेली. ऐकतो, की पुढच्या वर्षी तिचे दोन-तीन ठिकाणी नंबर आले. पुतण्यानं ते मला सांगितलं नाही, मला दुसऱ्याकडून कळलं.

२०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी राज्याचा कायदा कायम केला, पटांवरची टांगती तलवार गेली. त्याच उन्हाळ्यात त्यानं गावातल्याच एकाचा एक गोऱ्हा घेतला. दोन दाती, अजून काहीच न शिकलेला. दुसऱ्या एका पोराजवळ तसाच एक होता. दोघांनी सावड केली. पावसाळ्यात गोऱ्हा ढवळ्याच्या जोडीनं डवऱ्याला जुंपून चाल शिकला, हिवाळ्यात छकड्याला. दोन्ही शिकवू नये, बैल बिघडतो, असं पटवाले म्हणतात. असेल. पहिल्याच पटात त्यांची जोडी अर्ध्यावर वाट सोडून लोकांत घुसली. नंबराचा प्रश्नच आला नाही. मी तिथं होतो. पुतण्या धुळीनं माखून, कासरा हाताला गुंडाळून आला आणि हसत होता. मला १९७७ चा गुलाल आठवला. गुलाल नव्हता, पण हसू तेच होतं.

बाबा त्या हिवाळ्यात गेले. ढवळ्या २०२४ च्या पावसाळ्यात बसला तो उठला नाही. धुऱ्यावरच्या बाभळीखाली खड्डा खणून त्याला पुरलं. चांद्या अजून आहे. काम काही करत नाही. दुपारी आखरावर उभा राहतो, संध्याकाळी आपणच कोठ्यात येतो. आता अर्धंच पोतं लागतं, पण मी पूर्ण पाठवतो. पुतण्या फोन करून "पोचले" म्हणतो.

मागल्या महिन्यात त्यानं फोन ठेवता ठेवता विचारलं, "मोठेबाबा, या गोऱ्ह्याच्या म्हातारपणाची ढेप कोण पाठवन?"

मी म्हटलं, "तेव्हा मी नसेन बाबू."

"ते मले माईत हाय," तो म्हणाला. "म्हणूनच इचारतो."

मला उत्तर देता आलं नाही. बैल घेताना त्याची दाती पाहतात, खांदा पाहतात, खूर पाहतात, मग भाव ठरतो. त्याचं म्हातारपण कोणी मोजत नाही. ते वरचे पैसे असतात, आणि ते पंधरा वर्षांनी द्यायचे असतात. हा पोरगा ते आजच मोजायला बसला आहे, एवढं मला त्या फोनवरून कळलं.